स्पेनला राजा आता कशाला हवा?

मुळामुठा (धागाकर्ता)
आधुनिक राजेशाहीची बाजू घेणारे हटकून स्पेनचा दाखला देतात. २३ फेब्रुवारी १९८१ ला लेफ्टनंट कर्नल तेजेरो दोनशेच्या आसपास सशस्त्र सिव्हिल गार्ड (निमलष्करी पोलीस) घेऊन संसदेत घुसला. वालेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. मध्यरात्र उलटल्यावर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात टीव्हीवर आला, लोकशाहीच्या बाजूने ठाम बोलला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंड आटोपलं. सगळं मान्य. पण एका रात्रीच्या कामगिरीवर घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या पेन्शन? निवडलेला, नामधारी राष्ट्रपती आणावा आणि मोकळं व्हावं, असं माझं मत.

बखरकार
असहमत. ती रात्र राजामुळेच निभावली. सेनापती सगळे हुकूमशहा फ्रँकोच्या तालमीतले, आणि हुआन कार्लोसला वारस नेमलं होतं खुद्द फ्रँकोने, १९६९ मध्ये. म्हणून त्यांनी त्याचं ऐकलं. तिथे एखाद्या पक्षाचा राष्ट्रपती असता तर जनरलांनी त्याचा फोन तरी उचलला असता का? शिवाय फ्रँकोकडून आलेली सत्ता याच माणसाने १९७८ च्या संविधानात सोडून दिली. असं किती जण करतात?

तिरकस
बखरकार, बखर अर्धीच वाचलीत. बंडाच्या सूत्रधारांपैकी जनरल आर्मादा हा अनेक वर्षं राजाच्याच पदरी सचिव होता! त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. आणि फौज संविधानाऐवजी राजाचं ऐकते, ही काय कौतुकाची गोष्ट?
अजून एक. राजा हवा का, असं लोकांना स्वतंत्रपणे कधी विचारलंच नाही. माजी पंतप्रधान सुआरेझ १९९५ च्या एका मुलाखतीत माईकवर हात ठेवून बोलून गेले की जनमत चाचण्यांत आम्ही हरत होतो, म्हणून राजेशाही कायद्यातच घालून टाकली. ते चित्रण लोकांसमोर आलं २०१६ मध्ये.

बखरकार
१९७८ चं संविधान सार्वमताने मंजूर झालं, त्यात राजा होताच की.

तिरकस
हो. लोकशाही हवी असेल तर सोबत राजाही घ्या. वेगळं मिळणार नाही.

सिंधू_पेठकर
इतिहास राहू द्या, जबाबदारीचं बोला. संविधानाच्या कलम ५६ प्रमाणे राजावर खटलाच चालत नाही. २०१२ मध्ये देशात काम करू पाहणाऱ्या दर चार माणसांमागे जवळपास एक बेकार, आणि महाराज बोट्सवानात हत्तींच्या शिकारीला! कंबरेचं हाड मोडलं म्हणून बातमी फुटली, नाहीतर कुणाला कळणार होतं? तेव्हा ते स्पेनमधल्या वन्यजीव संरक्षण संस्थेचे मानद अध्यक्ष होते, हे वेगळंच. मग परदेशी खात्यांतले कोट्यवधी युरो बाहेर आले. २०२० मध्ये स्वारी अबुधाबीला गेली. २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी चौकशी बंद केली. कारणांपैकी दोन: काही प्रकरणांची मुदत संपलेली, काहींना राजेपणाचं अभय.
आता जर्मनी बघा. तिथला राष्ट्राध्यक्षही नामधारीच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ख्रिस्टियान वुल्फ यांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढा, अशी मागणी सरकारी वकिलांनी केली आणि दुसऱ्याच दिवशी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. खटला उभा राहिला तो सात-आठशे युरोंच्या पाहुणचारावरून, आणि त्यातही ते निर्दोष सुटले. नामधारी माणूस हवाच असेल, तर मला तरी असा हवा.

बखरकार
बापाचं पाप मुलाच्या माथी का? आताचा राजा फेलिपे याने २०२० मध्ये वडिलांचा वारसा नाकारला, त्यांचा भत्ता बंद केला. २०२४ च्या पुरानंतर वालेन्सियाजवळच्या पाइपोर्तात लोकांनी चिखल फेकला, तरी तो त्यांच्याशी बोलत उभा राहिला. पंतप्रधानांना तिथून हलवावं लागलं होतं. आणि खर्च म्हणाल तर राजघराण्याची तरतूद वर्षाला साधारण ८४ लाख युरो.

तिरकस
त्यात सुरक्षा धरली का? ती दुसऱ्या खात्यातून जाते. बाकी पाइपोर्ताचं मान्य. त्या दिवशी तो चांगला वागला.

बखरकार
मग तोडगा सोपा आहे. अभय काढा, राजा ठेवा.

मुळामुठा
सोपा? संविधानातल्या राजाविषयीच्या प्रकरणातला शब्द बदलायचा तर कलम १६८ लागतं. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं, मग संसद विसर्जित, निवडणुका, नव्या संसदेत पुन्हा दोन-तृतीयांश आणि वर सार्वमत. गादीसाठी मुलीआधी मुलाचा हक्क ही तरतूद काढायचं सापातेरो सरकारने २००४ मध्येच बोलून दाखवलं होतं. ती काढायला जाहीर विरोध करणारा पक्ष शोधून सापडणार नाही, तरी ती अजून तशीच आहे. फेलिपेला दोन्ही मुलीच, म्हणून थोरली लिओनोर वारस झाली. भाऊ असता तर मागे पडली असती. कलम १६८ उघडलं तर सार्वमतात राजेशाहीचाच फैसला होईल, म्हणून कुणी हात लावत नाही.