पट्टे रुततात त्याबद्दल
३८बी ब्राचे पट्टे खांद्यात रुततात म्हणालीस तर सगळ्या तुला रुंद पट्ट्यांची घे म्हणून सांगतायत, पण मला वाटतं घोळ पट्ट्यांचा नाहीचे, छातीखालच्या बेल्टचा आहे. खरा आधार तोच देतो, तो सैल असला की मागून वर चढतो आणि मग सगळा भार खांद्यांवर. आरशात पाठ बघ, बेल्ट आडवा सरळ हवा. ३६सी घालून बघ ना, आकडा बेल्टचा, अक्षर कपचं, आणि बेल्ट लहान झाला की तेवढ्याच कपला पुढचं अक्षर लागतं; म्हणजे कप जवळपास तेवढाच, बेल्ट फक्त आखूड, सी ऐकून दचकू नकोस गं. आणि नवी घेताना सगळ्यात सैल हुकावर नीट बसली पाहिजे कारण इलॅस्टिक पुढे ढिलं पडतंच, आतले हुक तेव्हासाठी असतात. तुळशीबागेत गर्दीत उभं राहून अंदाजाने घेण्यापेक्षा मी लक्ष्मी रोडला ट्रायल रूम असलेलं दुकान शोधते, दोन पैसे जास्त गेले तर गेले. घालून हात वर करायचे, वाकायचं, बेल्ट सरकला की नापास! घरी शिवणार असशील तर दोन कपांमधला तुकडा न ताणणाऱ्या कापडाचा घे, ताण मागच्या पट्टीला हवा.