कोअरमध्ये की ज्याच्या-त्याच्या कॉन्फिगमध्ये?

अर्धविराम
आम्ही काही जण मिळून एक छोटा मुक्तस्रोत टेक्स्ट एडिटर सांभाळतो. एकाने पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) पाठवलाय: फाइल सेव्ह करताना ओळींच्या शेवटी उरलेल्या स्पेस आपोआप काढून टाकायच्या. कोड नीटनेटका आहे, टेस्टही लिहिल्यात. पण हे काम आजही कॉन्फिगमध्ये, म्हणजे ज्याच्या-त्याच्या सेटिंगच्या फाइलीत, चार ओळी टाकून होतं, मग आत, म्हणजे कोअरमध्ये (एडिटरच्या मूळ कोडमध्ये), कशाला घ्यायचं? माझं मत सरळ आहे: बाहेरून जमतं ते बाहेरच राहू द्यावं. आत आलेलं फीचर पुढे काढायला गेलं की कोणाचं तरी काम अडतंच, आणि तोवर ते निस्तरायचं आपण. पॅच पाठवणारा तोपर्यंत टिकेलच असं नाही. विरोधी मतं येऊ द्या.

कळफलक
असहमत. "चार ओळी टाका" हे ज्यांना त्या ओळी लिहिता येतात तेच म्हणतात. नव्या माणसाला असं काही करता येतं हेच ठाऊक नसतं. तो कुठून तरी जुन्या आवृत्तीचा तुकडा आणून चिकटवतो, आणि बग मात्र आपल्या नावावर नोंदवला जातो.

शिवाय बाहेरून जमतं म्हणजे चांगलं जमतं असं नाही. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंसांच्या जोड्या रंगवणारं एक्स्टेन्शन होतं, भरपूर लोकप्रिय. मोठ्या फाइलीत ते रखडायचं, कारण एडिटरने मजकुराचं जे विश्लेषण आधीच करून ठेवलेलं असे ते एक्स्टेन्शनच्या हाती येत नसे; त्याला सगळं पुन्हा स्वतः करावं लागे. २०२१ मध्ये हेच फीचर कोअरमध्ये नव्याने लिहिलं गेलं, तेव्हा टीमने १०,००० पट वेगाचा दावा केला. शंभर पट धरा हवं तर. बाहेरून कितीही घासलं तरी ते झालं नसतं.

अर्धविराम
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. तिथे आतली माहिती हवी होती, म्हणून आत घ्यावं लागलं. स्पेस पुसायला कसली आतली माहिती लागते? सेव्ह होण्याआधी चालणारा हुक (वापरणाऱ्याने स्वतःचा कोड जोडायची जागा) आपण दिलेला आहे. तेवढा पुरे.

जुनंखोड
हुक देऊन सुटका होत नाही हो. हुक म्हणजेसुद्धा वचनच. फायरफॉक्सच्या जुन्या अ‍ॅड-ऑन्सना ब्राउझरच्या आतड्यापर्यंत हात घालता यायचा. परिणाम असा की आत काहीही हलवलं की कोणाचं तरी अ‍ॅड-ऑन मोडायचं. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये आवृत्ती ५७ आली आणि त्या जुन्या पद्धतीचा आधारच काढून घेतला. कित्येकांनी वर्षानुवर्षं जमवलेली मांडणी एका अपडेटमध्ये गेली.

दुसरं टोक म्हणजे लेफ्ट-पॅड. अवघ्या ११ ओळींचं पॅकेज. मार्च २०१६ मध्ये लेखकाने ते एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून काढलं आणि त्यावर विसंबलेले जगभरचे बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम) कोसळले. शब्दाच्या डावीकडे स्पेस भरणं ही भाषेनेच द्यायची गोष्ट. ती जावास्क्रिप्टच्या २०१७ च्या मानकात आली.

शून्य
वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा निकष सोपा वाटतो: किमान ८०% लोकांच्या उपयोगाचं तेच कोअरमध्ये.

जुनंखोड
हे ८०% मोजणार कोण? बोलतात ते वीस टक्केच. त्याच वर्डप्रेसने २०१८ च्या अखेरीस नवा ब्लॉक एडिटर कोअरमध्ये आणला, आणि जुना एडिटर परत देणारं प्लगइन लाखो साइट्सवर बसवलं गेलं.

रिकामीओळ
मूळ पॅचकडे या. मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा टाकून मांडणी करायची पद्धत) ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे सक्तीची नवी ओळ. त्या पुसल्या की मजकुराची मांडणी बिघडली, तीही न सांगता. आणि दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये एक शब्द बदलून सेव्ह केलं, तर डिफमध्ये (काय बदललं त्या यादीत) दोनशे ओळी. रिव्ह्यू करणारा शिव्याच घालणार.

म्हणजे ही आवड वापरणाऱ्याची नाहीच, प्रोजेक्टची आहे. त्यासाठी एडिटरकॉन्फिग नावाची फाइल आहे, तीत नेमका हाच पर्याय लिहिता येतो, फाइलीच्या प्रकारानुसार वेगळा. निओव्हिम या एडिटरने २०२३ च्या ०.९ आवृत्तीपासून ती वाचण्याची सोय आतच दिली. तेवढी सोय कोअरमध्ये घ्या. पॅच नाकारा.

कळफलक
म्हणजे फिरून कोअरमध्येच आलात की! :) आणि प्रोजेक्ट नसलेल्या सुट्या फाइलींचं काय? एक सेटिंग ठेवा, डीफॉल्ट बंद.

अर्धविराम
डीफॉल्ट बंद असलेली सेटिंग मला सगळ्यात नकोशी. हवी असणाऱ्याला ती सापडत नाही, आणि आम्हाला दोन्ही वाटा कायम टेस्ट कराव्या लागतात. एडिटरकॉन्फिगचं मात्र पटलं. सुट्या फाइलींना हुक आहेच.

जुनंखोड
पाठवणाऱ्याला कोणी विचारलंय का, त्याला हे नक्की कुठल्या फाइलींसाठी हवंय?

अर्धविराम
नाही. आत्ता विचारतो. तोवर पॅच उघडाच ठेवलाय.