किऑस्कपुढची पाच मिनिटं : तुमचे अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात आईला पुण्याच्या लोहगाव विमानतळावर सोडायला गेलो होतो. ती एकटीच दिल्लीला निघाली होती. सोडायला आलेल्यांना आत जाता येत नाही, म्हणून मी काचेबाहेर आणि आई आत चेक-इनच्या किऑस्कपुढे (आपला बोर्डिंग पास आपणच काढायचं यंत्र), कानाला फोन लावून. सहा अक्षरी पीएनआर तिने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत बिनचूक टाकला. मग यंत्राने आडनाव मागितलं.

"कुलकर्णी टाकलं. नाही म्हणतोय."

तिकीट एजंटाकडून काढलं होतं. मी ईमेल उघडून पाहिलं, तर त्याने आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव घातलेलं. म्हटलं, "आई, दत्तात्रय टाक."

"तुझ्या बाबांचं नाव माझं आडनाव कधीपासून झालं?"

टाकलं शेवटी. कागद बाहेर आला. पण तोवर मागे सातजण उभे, आणि मदतीला असलेली मुलगी दुसऱ्या आजोबांच्या पीएनआरमध्ये अडकलेली.

म्हणून हा धागा. विमानतळ, हॉटेल, कुठलंही यंत्र चालेल. कंपन्यांची नावं नकोत, भांडणं होतात. अडलात तेव्हा काय केलंत, ते सविस्तर लिहा.

विमाननगरची सून
नावाचं दुखणं माझंही. आधारवर सासरचं नाव, तिकिटावर माहेरचं (ऑफिसच्या नोंदीत तेच आहे). डिजियात्रा अ‍ॅपमध्ये (चेहरा बघून विमानतळावर आत सोडणारी सोय) आधार जोडलं, सेल्फी काढली, बोर्डिंग पास चढवायला गेले तर नाव जुळत नाही म्हणून नकार. अ‍ॅपची काही चूक नाही म्हणा, त्याला दोन वेगळ्या बायका दिसल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही सोय १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीत सुरू झाली, पुण्यात २०२३ मध्ये आली. फक्त देशांतर्गत प्रवासाला चालते आणि ऐच्छिक आहे. दारावर कुणी "अ‍ॅप डाउनलोड करा" म्हणून मागे लागलं तर सरळ ओळखपत्र दाखवून दुसऱ्या रांगेत जायचं. मी तेच करते.

बिनकेसांचा प्रवासी
वडिलांचे दिवस करून बंगळूरला परत निघालो होतो. डोकं साफ, मिशी गेलेली. अ‍ॅपमधला फोटो दोन वर्षांपूर्वीचा, भरघोस दाढीवाला. गेटवरच्या कॅमेऱ्यापुढे उभा राहिलो. लाल खूण. चष्मा काढला, पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही तेच. मागचा माणूस बॅगेचं चाक मुद्दाम माझ्या टाचेला लावत होता.

बाजूला सीआयएसएफचा जवान होता. त्याने हातानेच इकडे या म्हणून खुणावलं. आधार कार्ड बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं. हळू आवाजात विचारलं, "पिताजी?" मी मान हलवली. त्याने कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं आणि आत सोडलं.

पंधरा दिवसांत त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये पट्टा काढून ठेवताना.

धायरीची आजी
माझी बोटं यंत्राला कळतच नाहीत. आयुष्यभर भांडी घासून कोरडी पडलीत. नात म्हणाली, आजी, बोटावर हाऽ करून फुंकर मार आणि मग लाव. लागलं! लोक हसतात, हसू देत.

टॅगवाला
हे कुणीच शिकवत नाही म्हणून लिहितो. बॅगेचा टॅग किऑस्कमधून निघतो तो हातभर लांब चिकटपट्टीसारखा असतो. पहिल्या वेळी मी मागचा कागद सगळाच सोलला. तो आधी माझ्या मनगटाला चिकटला, मग बायकोच्या ओढणीला. टॅग नीट बघा, टोकांपुरताच कागद सोलायची खूण असते. पट्टी बॅगेच्या मुठीतून ओवायची, दोन्ही टोकं एकमेकांवर दाबायची आणि बारकोड बाहेरच्या बाजूला ठेवायचा. छोटा तुकडा सुटा निघतो तो पाकिटात जपा, बॅग आली नाही तर तोच पुरावा. आणि मागच्या प्रवासाचा जुना टॅग फाडून टाका, नाहीतर बॅग भलत्याच गावी फिरून येईल.

फ्रंट ऑफिस
मी दुसऱ्या बाजूचा. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. लॉबीत किऑस्क आलं तेव्हा आमच्यातल्या दोघांनी दुसरीकडे अर्ज टाकले होते. दोघेही अजून आमच्याकडेच आहेत.

किऑस्क काय करतं? बुकिंग नंबर घेतं, ओळखपत्र स्कॅन करतं, मोबाइलवर ओटीपी पाठवतं आणि खोलीचं कार्ड बाहेर टाकतं. रात्री दोनच्या विमानाने आलेला, रोजचा फिरतीवरचा माणूस दीड मिनिटात लिफ्टमध्ये असतो. त्याला माझं "वेलकम सर" नकोच असतं. पण कुटुंब आलं की सगळे डेस्कवर. "उत्तरेला डोकं येईल अशी खोली नको." "सासूबाईंना लिफ्टजवळची द्या." "दोनचं चेक-इन आहे ठाऊक आहे, पण बाळ झोपलंय हो." यातलं एकही बटण त्या पडद्यावर नाही. परदेशी पाहुणा असला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची जबाबदारी हॉटेलची, त्यामुळे त्यांचे कागद आम्ही हातात घेऊनच बघतो.

दोन गोष्टी सांगून ठेवतो. आधार द्यायचं तर मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि खोलीत दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत. "तुमच्याकडे लाइट गेलीय" असा रोज एक तरी फोन येतो. हुशार लोक त्यात मेट्रोचं कार्ड खोचून एसी चालू ठेवून जेवायला जातात. काही ठिकाणी चालतं ते. मी सांगितलं म्हणू नका.

शुक्रवारचा बळी
१९ जुलै २०२४ कुणाला आठवतोय? एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि जगभरचे संगणक निळे पडले. मी त्या दिवशी लोहगावला. नवं टर्मिनल सुरू होऊन पाचच दिवस झाले होते, पण माझं विमान अजून जुन्याच टर्मिनलमधून होतं. किऑस्क सगळे मुके. काउंटरवरच्या मुलीने छापील कोरा पास काढला, बॉलपेनने माझं नाव, विमान आणि सीट लिहिली. सुवाच्य अक्षर! विमान तीन तास उशिरा सुटलं, पण तो पास अजून कपाटात आहे. मोबाइलवरचे क्यूआर कधीच डिलीट झाले.

चांगीचा मामा
मुलगी सिंगापूरला आहे. तिथल्या चांगी विमानतळाचं टर्मिनल ४, जे २०१७ मध्ये सुरू झालं, तिथे चेक-इनपासून बॅग टाकण्यापर्यंत सगळं आपलं आपण. बॅग दोन किलो जास्त भरली. इथे काउंटरवर "घ्या हो, नातवाचे कपडे आहेत" म्हटलं की कधीकधी निभतं. यंत्राशी घासाघीस कशी करणार? तिथेच जमिनीवर बॅग उघडली, दोन शर्ट अंगात चढवले आणि वर कोट. तेही सिंगापूरच्या उकाड्यात.

येताना मुंबईला मात्र ई-गेटने इमिग्रेशन झटक्यात झालं. सरकारच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर योजनेत आधीच नोंदणी करून ठेवली होती. मुंबईत ती सोय जानेवारी २०२५ पासून आहे, फुकट आहे, बोटांचे ठसे मात्र एकदा प्रत्यक्ष जाऊन द्यावे लागतात.

घोरणाऱ्याची बायको
जपानात नागासाकी प्रांतात हेन-ना हॉटेल आहे. २०१५ मध्ये रोबो कर्मचाऱ्यांसह उघडलं, २०१९ मध्ये निम्म्याहून जास्त रोबो काढून टाकले. खोलीतला बाहुलीएवढा रोबो म्हणे पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजायचा आणि "कळलं नाही, पुन्हा सांगता का" म्हणून त्याला उठवायचा. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बुक कर, तुझ्याऐवजी तो उठवेल."

रांगेतला
काउंटरवर बोर्डिंग पास घेतला तर जादा पैसे, हे आठवतंय का? जुलै २०२२ मध्ये सरकारने कंपन्यांना सांगितलं की त्यासाठी वेगळे पैसे घेऊ नका. तरी आमच्या सोसायटीतले आजोबा अजून "दोनशे रुपये पडतात" म्हणून आदल्या दिवशी माझ्याकडे पास छापायला येतात. चहा पिऊन जातात. मीही त्यांना सांगितलेलं नाही.

धागाकर्ता
@बिनकेसांचा प्रवासी, तुमचं वाचून काही वेळ काही लिहिताच आलं नाही.

आईला सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. फुंकर मारायची युक्ती तिने लिहून घेतली. त्या दिवशी लोहगावच्या यंत्रावर मागच्या बाईंचा पीएनआर तिनेच टाकून दिला म्हणे, आणि त्यांच्याही तिकिटावर आडनावाच्या जागी नवऱ्याचं नाव होतं. "सगळे एजंट एकाच शाळेतले," इति आई. परतीचं तिकीट मी काढतोय. फॉर्म भरताना ती फोनवर होती आणि मला आडनावाचं स्पेलिंग दोनदा वाचून दाखवायला लावलं.