चर्चा: बॅझिल ह्यूम यांना मठाने काय दिले?

मूळ मत:
१९७६ मध्ये बॅझिल ह्यूम वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधील कॅथलिक चर्चचे प्रमुख धर्माधिकारी झाले, तेव्हा त्यांनी एकही धर्मप्रांत सांभाळला नव्हता. यॉर्कशरमधील अँपलफर्थच्या बेनेडिक्टाइन मठात ते १९४१ मध्ये दाखल झाले, तिथल्या शाळेत भाषा शिकवल्या, रग्बीच्या संघाला प्रशिक्षण दिले आणि १९६३ पासून ते मठाधिपती होते. माझे ठाम मत असे की त्यांचे मोठेपण याच मठात घडले. मठाधिपतीने महत्त्वाच्या निर्णयापूर्वी धाकट्यात धाकट्या बंधूचेही म्हणणे ऐकावे, असे बेनेडिक्टाइन साधू ज्यानुसार जगतात ती संत बेनेडिक्ट यांची नियमावली सांगते. म्हणूनच स्फोटके हाताळल्याच्या आरोपाखाली शिक्षा भोगणाऱ्या जुझेप्पे कॉनलन यांना तुरुंगात भेटल्यावर ह्यूम यांना त्यांच्या निर्दोषत्वाची खात्री पटली. १९८० मध्ये कॉनलन कैदेतच वारले. तरीही ह्यूम यांनी गृहमंत्र्यांकडे पाठपुरावा सोडला नाही. १९८९ मध्ये गिल्डफर्ड बाँबस्फोटांसाठी चुकीने शिक्षा झालेले कॉनलन यांच्या मुलासह चौघे सुटले आणि १९९१ मध्ये खुद्द कॉनलन यांचीही शिक्षा रद्द झाली.

प्रतिसाद:
कॉनलन प्रकरणातील त्यांचे धैर्य मला पूर्ण मान्य आहे, पण आपण मठाची एकच बाजू मांडली आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या ब्रिटनमधील स्वतंत्र आयोगाचा अँपलफर्थविषयीचा अहवाल २०१८ मध्ये आला. १९७५ मध्ये मठातील एका धर्मगुरूने शाळेतील मुलाचे शोषण केल्याची तक्रार मठाधिपती ह्यूम यांच्यापर्यंत पोहोचली होती, तरी ती पोलिसांकडे गेली नाही, हे त्यातून समोर आले. त्या धर्मगुरूला शिक्षा झाली ती २००६ मध्ये. आपण ज्या नियमावलीचा दाखला देता, तीच मठाधिपतीला त्याच्या हाती सोपवलेल्या प्रत्येक जिवाचा जाब देवापुढे द्यावा लागेल असे बजावते. ती मुले त्यांत येत नव्हती का?

मूळ लेखकाचे उत्तर:
निश्चितच येत होती, आणि त्या काळी सगळीकडे असेच चाले, असे म्हणून मी त्यांचा बचाव करणार नाही. मात्र त्यामुळे वेस्टमिन्स्टरमधील तेवीस वर्षे उणी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद:
ती वर्षे उणी ठरवा असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप रचनेवर आहे: शाळा मठाची, शिक्षक मठाचेच व्रतस्थ बंधू, आणि त्या बंधूंचा आध्यात्मिक पिता व वरिष्ठ एकच, मठाधिपती. पालकांची तक्रार ज्याच्याकडे येई, त्यालाच आरोपी बंधूचा सांभाळही करायचा असे. कॉनलन यांच्यासाठी ह्यूम सरकारदरबारी बाहेरचा माणूस म्हणून उभे राहू शकले. अँपलफर्थमधील त्या मुलांसाठी असा बाहेरचा माणूस कोणीच नव्हता.