लॅब नसली तरी अडत नाही
कुणीतरी म्हटलंय की शाळेत कॉम्प्युटर लॅब नसेल तर चौथीपर्यंत कॉम्प्युटर शिकवूच नये, पटलं नाही बुवा. आमच्याकडे गुहागर साइडला पावसात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, मग मी पडवीत खडूने चौकटी आखते, एक पोर कासव होतं आणि बाकीची कागदावर हुकूम लिहून देतात, दोन घरं पुढे, उजवीकडे वळ वगैरे. परवा कासव थेट झोपाळ्यावर आपटलं तर दुसरीतली पोरगी ओरडली, काकी, तिसरी ओळ चुकलीय! डीबगिंग (प्रोग्राममधली चूक शोधून दुरुस्त करणं) म्हणजे हेच की. मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला केलेल्या १९६७ च्या लोगो भाषेतही पुढे हुकूम पाळणारं कासवच आलं (कासवांसाठी प्रसिद्ध वेळासची पोरं खूश होतील). लाइट आली की स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं ॲप, कॉम्प्युटरवर एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं.