सिरॅमिकचा पोअर-ओव्हर ड्रिपर घ्यायचाय: कोणता आकार, काय तपासायचं?

सकाळचा घोट
रोज एक कप, सुट्टीच्या दिवशी दोन कप कोरी कॉफी करायची आहे. ड्रिपर, म्हणजे कपावर ठेवून वरून हातानं गरम पाणी ओतायची गाळणी, सिरॅमिकचाच हवा. व्ही६०, कलिता वेव्ह आणि ओरिगामी या तीन ड्रिपरांत गाडी अडली आहे. हातानं फिरवायचा ग्राइंडर आहे, वजनकाटा आहे. किटली मात्र साधी, बारीक चोचीची नाही. सिरॅमिक उष्णता धरून ठेवतं हे कितपत खरं? आणि ०१ मापाचा घ्यावा की ०२?

बारीक दळण
किटली साधी असेल तर सपाट तळाचा घ्या, म्हणजे कलिता वेव्ह. व्ही६० हा ६० अंशांचा शंकू, तळाला एकच मोठं भोक. तो पाणी जवळजवळ अडवतच नाही. वेग ठरतो तो दळणावर आणि धारेवर. जाड धार एका बाजूला जोरात पडली की पुडीत खड्डा होतो, पाणी तीच वाट धरतं आणि बाकीची पूड अर्धीकच्ची राहते. मग एकाच कपात आंबटही लागतं आणि कडूही. वेव्हच्या तळाला तीन लहान भोकं आहेत, पाणी थोडं थांबून उतरतं, त्यामुळे धारेतली चूक बरीच पोटात घेतली जाते.

पण त्याआधी ड्रिपरमध्ये घालायचा गाळणीचा कागद बघा. वेव्हला चुण्यांचा कागद लागतो, शंकूचा चालत नाही. जो कागद तुम्हाला कायम मिळत राहील, त्याचाच ड्रिपर घ्या. आकारावर कितीही खल केला तरी कागद संपला की ड्रिपर फडताळातच जातो.

मातीकाम
उष्णतेचं म्हणणं अर्धंच खरं आहे. जाड सिरॅमिक गार असताना आधी स्वतः तापतं, आणि ती उष्णता तुमच्या कॉफीच्या पाण्यातून घेतं. पहिलं ४०-४५ मिली पाणी त्यातच निवतं. न तापवता वापरायचा असेल तर प्लॅस्टिक सरस ठरतं, कारण ते फार कमी उष्णता ओढतं. सिरॅमिक घ्यावं ते वास न धरणाऱ्या, ओरखडे न पडणाऱ्या पृष्ठभागासाठी.

कागद बसवून वरून पाणी ओतलं की ड्रिपर तापला, असं धरून चालू नका. ते पाणी भराभर निघून जातं. ड्रिपर वाडग्यात ठेवा, बुडेल इतकं उकळतं पाणी घाला, एक मिनिट थांबा. बाहेरच्या बाजूला बोट टेकवत नाही इतका तापला की कपड्यानं धरून काढा, मग कागद बसवून गरम पाण्यानं भिजवा. तापलेला ड्रिपर लगेच गार पाण्याखाली धरू नका, तडा जाऊ शकतो.

घेताना आतले कंगोरे नखानं चाचपा. प्रत्येक कंगोरा ठळक लागला पाहिजे. ग्लेझ (वरचा चकचकीत लेप) जाड बसून मधल्या खाचा बुजल्या असतील तर ओला कागद भिंतीला चिकटतो, हवेला वाट उरत नाही आणि पाणी तुंबतं. लोक मग दळणाला दोष देत बसतात! वेव्ह असेल तर तळावरचा वाय आकाराचा उंचवटा बघा. तो कागदाला भोकांपासून वर उचलून धरतो. तो पुसट असेल तर भोकं झाकली जातात. शेवटी ड्रिपर सपाट टेबलावर ठेवून डुलतो का पाहा आणि तुमच्या मगाचं तोंड मोजा. ड्रिपरची तबकडी मगाच्या काठाबाहेर आली पाहिजे.

कोरी बरी
ओरिगामीचा एक फायदा राहिला: त्यात शंकूचा कागदही बसतो आणि वेव्हचाही. जपानच्या मिनो भागात बनतो, २० उभ्या घड्या आहेत, भिंत तुलनेनं पातळ म्हणून लवकर तापतो. पण बूड नसतं. मगावर टेकायला वेगळी कडी लागते, ती सोबत आहे का विचारा. काठाचा टवका उडायची भीतीही जास्त.

सकाळचा घोट
कागद दोन्ही मिळतात. ०२ घेतला तर एका कपाची कॉफी बिघडेल का? आणि साध्या किटलीनं ओतायचं कसं?

बारीक दळण
०१, ०२ हे व्ही६०चे आकडे. वेव्हमध्ये १५५ आणि १८५. दोन कप अधूनमधून लागणार, तर ०२ किंवा १८५. त्यात १५ ग्रॅमची कॉफी व्यवस्थित होते. १२ ग्रॅमच्या खाली मात्र थर फार पातळ पडतो.

एका कपाला १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी. किटली अर्धीच भरा, धार हातात राहते. पाणी ९२ ते ९६ अंश, कॉफी काळपट भाजलेली असेल तर ९० च्या आसपास. आधी ४५ ग्रॅम घालून ४० सेकंद पूड फुलू द्या. कोरडी गुठळी राहिली तर ड्रिपर हलकेच गोल फिरवा. उरलेलं पाणी चार भागांत, अगदी जवळून, मधून बाहेर गोल फिरवत. कागदाच्या भिंतीवर धार नको, ते पाणी पुडीला न भेटताच खाली जातं. सगळं ३ मिनिटांच्या आसपास उतरावं.

२ मिनिटांतच उतरलं आणि आंबट लागलं तर दळण बारीक करा. ४ मिनिटं ओलांडून तुरट लागलं तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि चोथा टाकण्याआधी बघा: थर सपाट असेल तर धार बरोबर, एका बाजूला खड्डा असेल तर तिथेच जास्त ओतलं गेलं, वर चिखलासारखा लेप असेल तर दळणात भुकटी फार आहे.

मातीकाम
वर सांगितलेली भोकं झाकण्याची अडचण १८५ मध्ये बारीक दळणानं लगेच दिसते, म्हणून व्ही६०साठी ठेवाल त्यापेक्षा दळण किंचित जाड ठेवूनच सुरुवात करा. भोकांत तपकिरी डाग धरले तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून २० मिनिटं बुडवून ठेवा, मग मऊ ब्रश फिरवा.