बरी एफसी बुडाला: दोष चेअरमन स्टीव्ह डेलचा, की त्याला दार उघडणाऱ्यांचा?

गोलजाळी (मूळ पोस्ट)

27 ऑगस्ट 2019 च्या रात्री इंग्लिश फुटबॉल लीगनं, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या तीन पातळ्या चालवणाऱ्या ईएफएलनं, बरी एफसीचं सभासदत्व काढून घेतलं. मँचेस्टरच्या उत्तरेला, गिग लेन मैदानावर 1885 पासून खेळणारा हा क्लब. 1894 पासून लीगमध्ये, दोनदा एफए कप विजेता. 1903 च्या अंतिम सामन्यात त्यांनी डर्बी काउंटीला 6-0 हरवलं होतं. एवढ्या फरकाची बरोबरी व्हायला 2019 उजाडावं लागलं, आणि त्याच वर्षी क्लब लीगबाहेर गेला.

माझ्या मते मुख्य दोष डेलचाच. डिसेंबर 2018 मध्ये त्यानं आधीचा मालक स्टुअर्ट डे याच्याकडून क्लब 1 पौंडाला घेतला. 1 पौंडाला घेतलेला क्लब कधीच 1 पौंडाचा नसतो, त्याच्यासोबत सगळी देणी येतात. पगार थकले, करखात्याचं देणं थकलं, आणि तरी 30 एप्रिलला ट्रॅनमियरशी 1-1 बरोबरी करून संघानं लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पातळीवर, बढती मिळवली. खेळाडूंनी पगाराविना जे कमावलं ते चेअरमननं तीन-चार महिन्यांत घालवलं. ईएफएल त्याच्याकडे मागत होती ती साधी गोष्ट: धनकोंचे हप्ते आणि मोसमाचा खर्च भागवण्याइतका पैसा आहे याचा पुरावा. तो त्यानं दिला नाही. बरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेही आधी माहीत नव्हतं, असं तो स्वतःच मुलाखतीत म्हणाला होता. अशा माणसाच्या हाती क्लब राहिला याची चीड येते.

ताळेबंद

चीड रास्त आहे, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतंय. डेल आला तेव्हा घर आधीच पेटलेलं होतं.

स्टुअर्ट डे 2013 मध्ये चेअरमन झाला. धंदा मालमत्ता विकासाचा. क्लबच्या उत्पन्नाला न पेलणारे पगार देऊन मोठे खेळाडू आणले आणि तूट स्वतःच्या कंपन्यांतून भरली. शुद्ध ऋण काढून सण. गिग लेन गहाण पडलं आणि त्यावरचं देणं सुमारे 37 लाख पौंडांवर गेलं. मैदानाबाहेरच्या गाड्या लावायच्या जागासुद्धा गुंतवणूक म्हणून विकल्या, एकेक 9,995 पौंडांना! पुढे त्याची बांधकाम कंपनीच प्रशासकाच्या ताब्यात गेली. म्हणजे तूट भरणारा नळच बंद झाला.

आणि डेलनं काहीच केलं नाही हेही खरं नाही. जुलै 2019 मध्ये त्यानं सीव्हीए मंजूर करून घेतला. सीव्हीए म्हणजे कंपनीनं धनकोंशी केलेला ऐच्छिक करार: ठरलेला हिस्सा द्यायचा, बाकीचं देणं माफ. त्यात विनातारण धनकोंना पौंडामागे 25 पेन्स मिळणार होते. महिनाअखेरीला क्लब गुंडाळण्याचा अर्जही कोर्टानं फेटाळला. कायद्याच्या अंगानं कंपनी तेव्हा जिवंत होती. बाहेर काढलं ते लीगनं.

गोलजाळी

तुम्ही सीव्हीएचा उल्लेख केलात, पण तो मंजूर कसा झाला ते सांगितलं नाहीत. मतदान डोकी मोजून होत नाही, देण्याच्या रकमेवर होतं, आणि मत देणाऱ्यांच्या रकमेत 75 टक्के पाठिंबा लागतो. डेच्या कंपनीचं क्लबवरचं सुमारे 70 लाख पौंडांचं येणं एका नव्या कंपनीनं अवघ्या 70 हजार पौंडांना विकत घेतलं आणि त्या पूर्ण रकमेच्या वजनावर मत दिलं. गावातल्या छोट्या पुरवठादाराच्या दोन-तीन हजारांच्या येण्याला त्यापुढे काय किंमत उरली?

पंचाची शिट्टी

इथे एक बारकावा सुटतोय. 75 टक्क्यांशिवाय दुसरी चाळणीही असते: कंपनीशी संबंध नसलेल्या धनकोंपैकी, रकमेनं निम्म्याहून जास्त विरोधात गेले तर ठराव पडतो. त्यामुळे नुसती येणी विकत घेऊन भागत नाही. खरा प्रश्न असतो तो 'संबंधित' कोणाला धरायचं हा, आणि ते मतदान घेणाऱ्या अधिकाऱ्याला ठरवावं लागतं.

25 पेन्स हा आकडाही सहज आलेला नाही. ईएफएलच्या नियमानुसार अशा क्लबनं विनातारण धनकोंना पौंडामागे किमान 25 पेन्स, किंवा तीन वर्षांत मिळून 35 पेन्स द्यायचे, नाहीतर आणखी 15 गुण कापले जातात. सीव्हीए केला म्हणून 12 गुण आधीच कापलेले. त्यावर 'फुटबॉल धनकोंना' शंभर टक्के देणं बंधनकारक: खेळाडूंचे पगार, इतर क्लबांकडून घेतलेल्या खेळाडूंच्या किमतीचे हप्ते. म्हणजे खेळाडू विकणाऱ्या क्लबला पूर्ण पौंड, आणि सामन्याला हजर राहणाऱ्या रुग्णवाहिका सेवेला 25 पेन्स. ब्रिटिश करखातंही तेव्हा साध्या धनकोंच्याच रांगेत होतं. 1 डिसेंबर 2020 पासून व्हॅट आणि पगारातून कापलेल्या कराला पुन्हा प्राधान्य मिळालं.

माझं बोट ईएफएलकडे आहे. पैशांचा स्रोत आणि पुरेशी रक्कम दाखवण्याआधीच डेलला ताबा घेऊ दिला गेला, कारण तेव्हाचे नियम ते चालवून घेत होते. कागद नंतर मागितले. नंतर मागून काय उपयोग? ताबा गेल्यावर ईएफएलच्या हातात उरतं ते गुण कापणं, खेळाडू घेण्यावर बंदी आणि शेवटी हकालपट्टी. तिन्ही शिक्षा क्लबला बसतात, मालकाला नाही. मालक-संचालक चाचणीही फार तर गुन्हे, संचालकपदावरची बंदी, आधी बुडवलेले फुटबॉल क्लब हे बघायची. फुटबॉलबाहेर किती कंपन्या बंद पाडल्या, याची तिथे नोंदच नाही.

ताळेबंद

याच्याशी पूर्ण सहमत. पगारमर्यादेची पळवाटही यात धरा. लीग वनमध्ये खेळाडूंच्या पगारावर उलाढालीच्या 60 टक्क्यांची मर्यादा होती, पण मालकानं भांडवल किंवा देणगी म्हणून घातलेला पैसा त्या 'उलाढालीत' धरला जायचा. मालकानं 10 लाख पौंड घातले की पगाराला 6 लाखांची जागा झाली. मालक गेला की ते 10 लाख जातात, पण खेळाडूचा तीन वर्षांचा करार जागेवरच राहतो. बरीचं हेच झालं.

दक्षिण स्टँड

पुण्याशी संबंध असलेलं उदाहरण समोर असताना ते कुणी घेतलं नाही. व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे वेंकीज, यांनी नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. बरीपासून फार लांब नाही. 2012 मध्ये प्रीमियर लीगमधून आणि 2017 मध्ये थेट लीग वनमध्ये घसरण झाली. प्रेक्षकांनी इतका राग क्वचितच कुणा मालकावर काढला असेल. पण पैसा येत राहिला, म्हणून क्लब उभा राहिला. पुढे भारतातल्या चौकशीमुळे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, बँक हमीची अट आली, आणि खेळाडू विकून खर्च भागवायची वेळ आली. निर्णय चुकवणारा मालक आणि हात आखडणारा मालक, यात क्लबला मारतो तो दुसरा. म्हणून मी मूळ पोस्टच्या बाजूनं आहे: डेलकडे पैसा नव्हता, तर त्यानं वेळेत विकायला हवं होतं.

पंचाची शिट्टी

विकायचा कुणाला? सी अँड एन स्पोर्टिंग रिस्क ही कंपनी तयार होती. 23 ऑगस्टची मुदत वाढवून 27 तारखेच्या संध्याकाळी 5 पर्यंत नेली, तर शेवटच्या दोन तासांत तिनंही माघार घेतली. मैदानावर गहाणखत, त्यावर चढणारं व्याज, सीव्हीएचे हप्ते, फुटबॉल धनको, विकलेले पार्किंग. इतका गुंता चार दिवसांत तपासून होत नाही. मोसम सुरू होऊन सामने एकामागून एक पुढे ढकलले जात होते, तेव्हा घाईनं ग्राहक शोधून काय होणार? मे महिन्यात विक्री सुरू झाली असती तर वेगळं झालं असतं.

गोलजाळी

मे महिन्यात ती कोणी सुरू करायची होती? त्याच चेअरमननं. तुमचाच मुद्दा माझ्या बाजूला येतो.

दक्षिण स्टँड

पुढचंही नोंदवते. समर्थकांनी बरी एएफसी नावानं नवा क्लब काढला आणि 2020-21 मध्ये खालच्या पायरीपासून सुरुवात केली. फेब्रुवारी 2022 मध्ये गिग लेन परत मिळवलं, त्यात सरकारच्या सामुदायिक मालकी निधीचे 10 लाख पौंड होते. 2023 मध्ये नवा क्लब चालवणारा आणि मैदान घेणारा, अशा दोन्ही समर्थक गटांनी विलीनीकरणाला मत दिलं. एक्सेटर सिटी 2003 पासून समर्थकांच्या हातात आहे आणि 2008 पासून पुन्हा लीगमध्ये टिकून आहे, तेव्हा ही वाट अशक्य नाही.

ताळेबंद

एक्सेटर टिकला तो स्वतःच्या अकादमीतले खेळाडू विकून, फक्त मालकी बदलून नाही.

राहिला मैदानाचा प्रश्न. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यानुसार स्वतंत्र नियामकाची संमती घेतल्याशिवाय घरचं मैदान विकता किंवा तारण ठेवता येणार नाही, आणि नव्या मालकाला पैशांचा स्रोत ताबा घेण्याआधी दाखवावा लागेल. यातला पहिला नियम 2013 मध्ये असता तर डे अडला असता. दुसरा 2018 मध्ये असता तर डेल दारातच थांबला असता, पण डिसेंबरचे पगार कोणी दिले असते, याचं उत्तर त्या कायद्यातही मला सापडलेलं नाही.